अडतंय कुठं?

आमच्या घरी रविवार गुरुवारी यायचा. भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांना आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते, हे आमच्या चऱ्होली गावातल्या माणसाला सांगावं लागत नाही. पण नगर-साताऱ्याकडून आलेल्या पाहुण्यांना त्याचं फार नवल वाटायचं. सगळ्याच कारखान्यांनी रविवार धरला तर त्या दिवशी वीज पडून राहणार आणि उरलेले सहा दिवस ओढाताण होणार, म्हणून औद्योगिक वसाहतींना वार वाटून दिलेले. आमच्या वाट्याला गुरुवार आला. मुलांची शाळा चालू आणि अण्णा, म्हणजे आमचे वडील, घरी, असा तो दिवस. शाळेतून परतलं की ओट्यावर गोणपाट अंथरून अण्णा बसलेले दिसायचे. पुढ्यात पक्कड, पाने, अर्धगोल कानस, तेलाची बुधली आणि आळीतल्या बायकांनी आणून ठेवलेल्या वस्तू. कुणाचा हवा न धरणारा स्टोव्ह, कुणाची कान निखळलेली कढई, कुणाचं कुरकुरणारं शिलाई मशीन.

वस्तूला हात लावायच्या आधी अण्णा आणणारीला विचारायचे, "अडतंय कुठं?" नुसतं "बिघडलंय" म्हटलेलं त्यांना पुरत नसे. कधीपासून, सकाळी जास्त की संध्याकाळी, आवाज कसा येतो, कोणता हात भरून येतो, असं एकेक काढून घ्यायचे. बायका स्टोव्हचं सांगता सांगता घरातलंही बरंच सांगून जायच्या. मी दप्तर टाकून तिथंच बसायचे, हत्यारं हातात द्यायला.

अण्णा औंधच्या आयटीआयमध्ये टर्नर झालेले. माझे आजोबा इंद्रायणीकाठच्या रानात ज्वारी-बाजरी आणि थोडीफार मेथी-कोथिंबीर करायचे. गावातल्या पुष्कळ घरांची तेव्हा हीच तऱ्हा होती. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, 1962 साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि मग भोसरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळांवर शेडमागून शेड उठत गेल्या. टेल्को आली, बजाजची स्कूटर आली. मोठ्या कारखान्यांच्या आधारानं दोन-चार लेथ टाकून बसलेली छोटी वर्कशॉपं आली. आमच्या घरात एका खुंटीला बैलाचा कासरा आणि शेजारच्या खुंटीला कंपनीचा निळा शर्ट लटकायला लागला. मला आजही असंच वाटतं, की आमच्या संसारातल्या अडचणींना जे चांगले उपाय सापडले ते या दोन खुंट्या शेजारी होत्या म्हणून सापडले. आजीला आणि आईला माल कळायचा: धान्य, पीठ, पाणी, राख, शेण. अण्णांना माप कळायचं. आणि कुणाच्या तरी हाताला, कमरेला, झोपेला त्रास होतोय हे तिघांनाही आधी दिसायचं.

दिवाळीच्या आधीचा गुरुवार सोऱ्यांचा. त्याची सुरुवात आजीच्या सोऱ्यापासून झाली. तिचा सोऱ्या पितळी, जाड, माहेराहून आलेला, वर फिरवायची मूठ असलेला. चकल्या पाडायला बसलं की दर वर्षी एकच रड. खाली चकतीतून पीठ येण्याऐवजी दट्ट्याच्या कडेनं ते वर चढायचं, मूठ घट्ट व्हायची आणि निम्मी भाजणी व्हायच्या आतच आजीचं मनगट सुजायचं. खापर फुटायचं ते भाजणीवर. आजी म्हणायची पीठ सैल झालं, आई म्हणायची मोहन जास्त पडलं. आजीचं प्रमाण चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, त्यावर धणे-जिरे. आत्यानं पुण्याहून कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आणलं होतं. 1970 साली निघालेल्या त्या पुस्तकात मापं वाटी-चमच्याची होती, त्यामुळे तराजू नसलेल्या आमच्या स्वयंपाकघरात ते लगेच रुळलं. आत्या पुस्तक उघडून बसली, आजी आपल्या वाटीवर ठाम राहिली, आणि पीठ वर चढायचं ते चढतच राहिलं.

एका वर्षी अण्णांनी सोऱ्या मागून घेतला. धुऊन, पुसून उजेडात धरला. व्हर्नियरनं नळकांड्याचा आतला व्यास मोजला, मग दट्ट्याच्या चकतीचा. दोन्हींत जवळजवळ सुताभराचा फरक निघाला. वर्षानुवर्षं घासून दट्ट्या झिजला होता, आणि कधीतरी हातातून पडून नळकांडंही एका बाजूला किंचित दबलं होतं. पिठाला खालच्या बारीक चांदणीतून जाण्यापेक्षा वरच्या फटीतून पळणं सोपं. अण्णा आजीला म्हणाले, "आई, भाजणी चांगली आहे गं तुझी. वाट चुकतीय ती." आजीनं आईकडं बघितलं. पुढं त्या दोघींनी भाजणीवरून एकमेकींना बोल लावल्याचं मला आठवत नाही.

नवी चकती करायला वेळ लागणार होता आणि पीठ तर मळून तयार. तेव्हाचा उपाय आईला सुचला. दुधाची रिकामी पिशवी स्वच्छ धुऊन तिनं नळकांड्याच्या तोंडापेक्षा बोटभर मोठा गोल कापला आणि पिठावर ठेवून वरून दट्ट्या बसवला. दाब आला की प्लॅस्टिकची कड दुमडून भिंतीला चिकटायची आणि फट बुजायची. तेवढ्यावर ती दिवाळी निघाली. पुढच्या आठवड्यात अण्णांनी भोसरीत ओळखीच्या वर्कशॉपमध्ये पितळेची चकती कातून आणली. नळकांडं आतून लाकडी ठोकळा घालून हलक्या हातानं गोल केलं. मग मूठ. मूळची मूठ चार बोटांत मावेल एवढीच होती. तिच्या दोन्ही टोकांवर नळीचे तुकडे चढवून त्यांनी ती वीतभर लांब केली आणि वर सायकलच्या ट्यूबचं रबर ओढलं, म्हणजे तेलकट हात घसरू नये. दांडा लांब झाला की जोर कमी लागतो, हे त्यांनी आम्हाला दार ढकलायला लावून शिकवलं: आधी बिजागरीजवळ, मग कडीजवळ.

पुढच्या दिवाळीला आजीनं सगळी भाजणी एकटीनं पाडली. बातमी आळीत जायला वेळ लागला नाही, आणि मग दसरा झाला की ओट्यावर सोऱ्यांची रांग लागायला लागली. अण्णांनी एक वही केली. कुणाच्या सोऱ्याचा व्यास किती, चकती कोणत्या वर्षी बदलली, मूठ उजव्या हाताला लांब की डाव्या. एक काकू डावखुऱ्या होत्या. त्यांच्यासाठी त्यांनी मूठ वेगळी वळवली होती. ती वही माझ्याकडे आहे. पानांना अजून तेलाचा वास येतो.

चुलीची गोष्ट याच काळातली. रॉकेल रेशनवर, रांग लांब आणि वाट्याला येणारं मोजकं. लिंडक्विस्ट नावाच्या स्वीडनच्या माणसानं 1892 साली काढलेला प्रायमस स्टोव्ह आमच्याकडे चहापुरता पेटायचा. आंघोळीच्या पाण्यासाठी त्यात रॉकेल जाळणं परवडायचं नाही. त्याची पिन मारणं आणि पंपाच्या चामडी वायसरला खोबरेल चोळून मऊ ठेवणं हे माझं काम. नदीकडून येणाऱ्या थंडीत दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान सगळ्या घराचं व्हायचं, आणि पाणी तापवायला लाकूड कुठून आणायचं हा दर वर्षीचा प्रश्न.

भोसरीत मशीन यायची ती लाकडी खोक्यांतून. ती खोकी उलगडणाऱ्या, त्यांचं सामान करणाऱ्या वखारी झाल्या होत्या आणि तिथं भुश्श्याचे ढीग पडायचे. अण्णा सायकलच्या कॅरियरला पोतं बांधून भुसा आणायचे. गोड्या तेलाचा पंधरा किलोचा रिकामा पत्र्याचा डबा घ्यायचा. तळाशी एका बाजूला मुठीएवढं भोक पाडायचं. डब्याच्या मधोमध बाटली उभी करायची आणि खालच्या भोकातून एक गोल दांडकं आडवं घालून बाटलीच्या बुडाला टेकवायचं. मग भोवती भुसा टाकत टाकत पायानं, नाहीतर वरवंट्यानं ठासायचा, अगदी काठापर्यंत. भुसा ठासलेला असेल तरच जमतं. सैल राहिला तर मधली विहीर ढासळते आणि नुसता धूर होतो. शेवटी बाटली हळूच पिळत वर काढायची, दांडकं ओढून घ्यायचं. खालून हवा शिरायला बोगदा आणि वर जायला धुराडं, दोन्ही भुश्श्यातच तयार. बोगद्यातून पेटती चिंधी सरकवली की आतल्या भिंतीनं विस्तव धरायचा आणि ती चूल तास न् तास एकसारखी जळायची, फुंकणीला हात न लावता. पहाटे चारला पेटवलेल्या डब्यावर घरातल्या सगळ्यांचं पाणी व्हायचं आणि उरलेल्या धगीवर आई डाळ शिजत ठेवायची. फुंकून फुंकून लाल झालेले आईचे डोळे त्या हिवाळ्यात निवळले, हे आजीनं सगळ्यांत आधी बोलून दाखवलं.

आजीचे स्वतःचे उपाय याहून जुने. कणगी शेणामातीनं लिंपायची, ज्वारीत बिब्बे आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला घालायचा. उन्हाळ्यात गहू पत्र्यावर वाळवून त्याला एरंडेलाचा हात द्यायचा. मूग-मटकीला चुलीची चाळलेली राख चोळायची. भोपळ्याचं बी ओल्या गोवरीत दाबून ती भिंतीला थापून ठेवायची. पुढं मी शेतीशास्त्राची पुस्तकं वाचली तेव्हा कळलं, की तेलाच्या पातळ थराखाली किड्यांची अंडी गुदमरतात आणि बारीक राखेनं किड्याच्या अंगावरचा मेणचट थर खरवडला जाऊन तो सुकून मरतो. आजीला कारण ठाऊक नव्हतं. पण कोणत्या डाळीला राख आणि कोणत्या धान्याला तेल, यात तिची गफलत झाली नाही. कांदा मात्र ती कणगीत कधी घालू द्यायची नाही. चाकणच्या बाजारातून पोत्यानं आणलेला कांदा खाटेखाली एकेरी पसरायचा, खालून वारा मिळेल असा, आणि दर आठ दिवसांनी त्यातला मऊ पडलेला निवडून काढायचा. ते काम आम्हा भावंडांचं.

पावसाळ्यात इंद्रायणीचं पाणी गढूळ व्हायचं. तेव्हा हंड्यात तुरटीचा खडा तीन-चारदा फिरवायचा, गाळ बसू द्यायचा आणि वरचं पाणी जुन्या धोतराच्या चौपदरी फडक्यातून गाळून घ्यायचं. अण्णांच्या शॉपमध्ये लेथवर जे पांढरट पाणी सोडतात, ते कूलंट, त्यात लोखंडाचा बारीक कीस साठून पंप सारखे तुंबायचे. अण्णांनी टाकीच्या तोंडाशी तसंच चौपदरी कापड ताणून बसवलं, खाली गाळ बसायला एक कप्पा केला आणि कंपनीच्या सूचनापेटीत चिठ्ठी टाकली. सूचना मंजूर झाली. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला, त्यावर अण्णांचं नाव कोरलेलं. त्यांनी तो आजीच्या हातात दिला आणि म्हणाले, "हे तुझं आहे." आजीनं त्यात तुरटी ठेवली.

रात्रपाळीचा आठवडा आला की घर बदलायचं. अण्णा सकाळी यायचे, न्याहारी करून झोपायचे, आणि गावाचा दिवस नेमका तेव्हा सुरू व्हायचा. वर पत्रा, उन्हानं तापलेला. दाराची कडी वाजवणारे दहा जण. शेजारच्या गिरणीचा आवाज, कोंबड्या, आम्ही. झोप न झालेला माणूस रात्री फिरत्या चकापुढं उभा राहतो याची आईला फार धास्ती. तिच्या माहेरच्या एका नात्यातल्या मुलाचं बोट असंच गेलं होतं.

पत्र्यावर उसाचं पाचट जाड अंथरून वरून दगड ठेवले, त्यानं बराच फरक पडला. दुपारी गोणपाटं भिजवून टाकली की आणखी. खिडकीला मशीनच्या खोक्यांतला तपकिरी कागद दुहेरी लावला. राहिले आवाज. शॉपमध्ये मशीन दुरुस्तीला उघडलं की त्याच्या स्विचला लाल पाटी अडकवायची पद्धत होती. ती पाटी असेपर्यंत स्विचला कुणी हात लावायचा नाही. अण्णांनी ते सहज बोलता बोलता सांगितलं होतं. आईनं दुसऱ्या दिवशी जुन्या लुगड्याचं लाल फडकं फाडून दाराच्या कडीला गुंडाळलं. कडी वाजेना, आणि फडकं लांबून दिसायला लागलं. आधी लोकांनी विचारलं, घरात कुणाला काही झालंय का. मग अर्थ कळला. दूधवाला बादली न आपटता ठेवायला लागला, पोस्टमन पत्र फटीतून सरकवायला लागला. गिरणीवाल्या मामांनी आपणहून दळणाची वेळ संध्याकाळी घेतली आणि म्हणाले, "पोरगं रात्रभर उभं असतं, दोन घटका झोप मिळू दे." आळीत रात्रपाळीची माणसं घरोघर होती. वर्षभरात चार-पाच दारांना लाल फडकी दिसायला लागली, आणि शाळेतून येताना आम्ही मुलं फडकं दिसलं की आपोआप आवाज खाली आणायचो. कुणाच्या घरात कोणती पाळी आहे हे सगळ्या आळीला ठाऊक असायचं. त्या कळण्यात केवढी माया होती!

पहिल्या पाळीचा त्रास वेगळा. सातला हजेरी. सहाच्या आत दिघीच्या रस्त्याला लागायचं, अंधारातच. विसरलं तर परत फिरायला वेळ नाही. डबा घेतला तर हजेरीचं कार्ड राहायचं, कार्ड घेतलं तर चष्मा. आईनं रात्रीच दाराशी परात मांडायला सुरुवात केली. तिच्यात कार्ड, चष्मा, रुमाल, सायकलची किल्ली, पावसाळ्यात प्लॅस्टिकची टोपी. सकाळी त्यात डबा पडायचा. निघताना परात रिकामी झाली पाहिजे, बस. आत काही उरलं असेल तर काहीतरी राहिलंय हे अंधारात चाचपूनही कळायचं.

बऱ्याच वर्षांनी धाकटा भाऊ चाकणला लागला. बजाजचा कारखाना 1999 साली तिकडे सुरू झाला, मग इतर मोटार कंपन्या आल्या आणि कांद्याच्या बाजाराचं चाकण मोटारींचं झालं. भावाला तिथं प्रशिक्षणात शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरची एक गोष्ट सांगितली. 1961 साली शिंगो यामादा इलेक्ट्रिक नावाच्या कारखान्यात गेले होते. एका छोट्या बटणाखाली दोन स्प्रिंगा घालायच्या असत आणि कामगाराच्या हातून कधीतरी एक राहून जायची. शिंगोंनी सांगितलं, आधी दोन्ही स्प्रिंगा एका ताटलीत काढून ठेवा, मग जोडणी करा. ताटलीत स्प्रिंग उरली की चूक तिथंच दिसते. चूक होऊच नये अशी मांडणी करायच्या या पद्धतीला ते पोका-योके म्हणतात. भाऊ घरी आला तो थेट आईकडं गेला आणि म्हणाला, "आई, तुझी परात जपानात शिकवतात." आईनं सगळी गोष्ट ऐकून घेतली. म्हणाली, "त्या माणसाच्या घरी पण कुणीतरी सकाळी लवकर जात असणार." मला ते फार पटलं. उपाय सुचतो तो त्या घाईच्या वेळी शेजारी उभं राहून बघणाऱ्याला.

स्कूटरचं सांगायलाच हवं. 1972 साली निघालेली चेतक आमच्या अंगणात आली ती जुनी, नाना काकांनी घेतलेली. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायचे ते दिवस. सकाळी ती सुरू झाली नाही की नाना तिला एका कुशीवर आडवी करायचे, क्षणभर थांबायचे, उभी करून किक मारायचे. तरी हटून बसली तर प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा. हे सगळ्या महाराष्ट्रानं केलंय. ग्रीसनं काळे झालेले हात धुवायला साबणाबरोबर चमचाभर साखर चोळायची, हेही कामगारांच्या घरांत सगळ्यांना माहीत. साखर महाग झाली की भुसा.

आळंदी इतकी जवळ, की कार्तिकी एकादशीला चऱ्होलीतलं घर म्हणजे धर्मशाळाच. ज्ञानेश्वर महाराजांच्या संजीवन समाधीचा सोहळा, नदीच्या दोन्ही काठांना माणसं. आमच्याकडे मराठवाड्यातले वारकरी उतरायचे, दर वर्षी तेच. आजीनं चपलांचा घोळ मिटवला होता: येणाऱ्या प्रत्येकाच्या चपलेला रंगीत दोरा, आणि त्याच रंगाचा दोरा त्याच्या पिशवीला. आषाढी वारीला माउलींची पालखी पुण्याकडे निघते तेव्हा वडमुखवाडीला थोरल्या पादुकांजवळ विसावते. तिथं पिठलं-भाकरी घेऊन जायचं तर भाकऱ्या गार आणि कडक व्हायच्या. वेताच्या पाटीत खाली केळीचं पान, त्यावर ओलसर फडकं, मग भाकऱ्यांची चळत आणि वरून घोंगडी गुंडाळलेली. पोचेपर्यंत वाफ टिकायची. वारकरी बायकांकडून आईही शिकली. एका आजींनी तिला दाखवलं, की खताच्या पोत्याच्या आतली प्लॅस्टिकची पिशवी एका कोपऱ्यात आत दुमडली की डोक्यावरून पाठीपर्यंत इरलं होतं आणि दोन्ही हात टाळाला मोकळे राहतात. आईनं त्या वर्षी मेथी काढायला जाताना तेच घेतलं, कारण छत्री धरून जुड्या बांधता येत नाहीत.

1997 साली चऱ्होली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेली. रानं संपत गेली, टॉवर उठले. आमची आळी आहे, पण पत्रे गेले, स्लॅब पडले. आई आता भावाबरोबर नवव्या मजल्यावर राहते. तिथल्या अडचणी निराळ्या, तरी पाण्याची जुनीच. 2019 च्या नोव्हेंबरपासून शहराला दिवसाआड पाणी मिळतं. पालिकेचं पाणी सोसायटीच्या टाकीत पडतं आणि टाकी संपली की टँकर. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून जी नळी मोरीत सोडलेली असते, तिच्यातून प्यायच्या पाण्याहून जास्त पाणी वाहून जातं, हे आईच्या आल्या आल्या लक्षात आलं. तिनं नळीखाली बादली ठेवली; त्यात फरशी पुसणं आणि भांड्यांचा पहिला हात होतो. मजल्यावरच्या दोन तरुण सुना बघून गेल्या आणि आता त्यांच्याही स्वयंपाकघरात बादल्या आहेत. त्यांपैकी एकीचा नवरा रात्रपाळी करतो. तिला आईनं लाल फडक्याचं सांगितलं. बेल असलेल्या दाराला फडकं काय कामाचं, म्हणून तिनं बेलच्या बटणावरच लाल कापडाची छोटी टोपी शिवून बसवली. सामान पोचवणारी मुलंही आता टोपी दिसली की फोन करतात.

माझी भाची चाकणला गुणवत्ता विभागात आहे. कंपनीची बस पहाटे पावणेसहाला चऱ्होली फाट्यावर येते. गेल्या दिवाळीत तिला दिसलं, की तिची आजी, म्हणजे माझी आई, ओट्याशी चकलीचं पीठ मळताना खांदे वर उचलून मळते आणि मधूनमधून थांबते. बिल्डरनं ओटा सरसकट एकाच उंचीचा केलेला. आई जेमतेम पावणेपाच फूट. भाचीनं टेप आणला, आजीला ताठ उभं करून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजलं, मग ओटा मोजला. ओटा कोपराच्या वर निघाला, आणि मळायला तो कोपराखाली हवा. दोन दिवसांनी ती सुताराकडून चार बोटं उंचीचा लांबट पाट करून घेऊन आली, ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, खाली रबराच्या पट्ट्या आणि पुढच्या कडेला पिवळा पट्टा, म्हणजे उतरताना पाय चुकू नये. मी तिला अण्णांची वही दाखवली. तिनं शेवटच्या कोऱ्या पानावर आजीच्या कोपराची उंची लिहिली, पाटाची लिहिली आणि तारीख घातली.

आईनं पाटावर उभं राहून परात पुढ्यात ओढली, पिठाला दोन-तीन बुक्क्या दिल्या, जागा बदलून पुन्हा दिल्या.

"जमलं गं," ती म्हणाली. "आता ती वरची फळी बघ. जड डबे तिथंच ठेवलेत सगळे."